घरोट

आमच्या खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. शब्द नुसता उच्चारला तरी दगडावर दगड फिरल्यासारखं वाटतं. माझ्या लहानपणी गावात घरोट नसलेलं घर नव्हतं. आमचं घरोट मागच्या पडवीत, चुलीच्या भिंतीला लागून होतं. त्याचा खुंटा सैल होऊन डगडग करायचा, मग वडील बाभळीचा नवा खुंटा ठोकून द्यायचे. उन्हाळ्यात टाकीवाला हाक देत गल्लीत यायचा. आजी त्याला ओंजळभर दाणे देऊन घरोटाला टाकी लावून घ्यायची. टाकी लावल्यानंतरचं पहिलं पीठ दाताखाली कचकच करतं, म्हणून ते गाईच्या आंबोणात जायचं.

मग गावात गिरणी आली. घरोट काही दिवस उडीद-मूग भरडण्यापुरतं राहिलं, पुढे त्यालाही कुणी हात लावेना. घर नव्यानं बांधलं तेव्हा खालची तळी मोरीत कपडे धुवायला गेली आणि वरची अंगणाच्या पायरीला बसली. ती अजून तिथंच आहे. पावसाळ्यात शेतातून आलं की चिखलाचे पाय आम्ही तिच्यावरच खरवडतो. यात नवल काही नाही. गावातल्या निम्म्या घरांच्या पायऱ्या उलट्या करून पाहा, मधोमध भोक पडलेला गोल दगड निघेल.

आणि अगदी असंच एक घरोट जळगावात जपून ठेवलंय. लोक ते पाहायला लांबून येतात, शाळांच्या सहली येतात. दगड एकच, काम एकच, फिरवणारे हातही एकाच जातकुळीचे, शेतकरी घरातल्या बाईचे. मग एकाला नमस्कार आणि दुसऱ्यावर चिखलाचे पाय, असं का? नुसतं नशीब म्हणून हा प्रश्न मला सोडून देता येत नाही. जपायचं काय आणि टाकायचं काय हे आपण कशावरून ठरवतो, असा तो प्रश्न आहे. आणि ते ठरवताना कुणावर अन्याय तर होत नाही ना, हेही त्यात आलंच.

ते घरोट बहिणाबाई चौधरींचं. जुन्या जळगावातला त्यांचा चौधरी वाडा आता स्मृती संग्रहालय झाला आहे. त्यांची हकिगत मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको, पण थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या असोद्याला महाजनांच्या घरात त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरी आल्या. तिशीत वैधव्य आलं. पदरात ओंकार, सोपान ही दोन मुलं आणि काशी ही मुलगी. शेती केली, घर ओढलं, आणि हे करताना गाणी रचली. अक्षरओळख नव्हती. जे सुचलं ते हाताला काम असताना सुचलं आणि तोंडानंच बाहेर पडलं. सोपानदेव पुढे स्वतः कवी झाले. त्यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी त्यातलं जमेल तेवढं टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मागाहून सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी तिचं मोल ओळखलं, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. ज्या बाईचं ते पुस्तक, तिनं ते कधी हातात घेतलं नाही. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून तिची गाणी घराघरांत पोचली. आज आमच्या भागातल्या विद्यापीठालाही तिचंच नाव आहे. २०१८ पासून ते ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ झालं.

लेखकाचं घर पाहायला जातो तेव्हा आपण काय पाहतो? लिहायचं मेज, दौत, चष्मा, कपाटातली पुस्तकं, एखादं हस्तलिखित. कोकणात मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलंय. कोलकात्याला जोडासांकोचा ठाकूरवाडा आहे. अशा ठिकाणी गेलं की आपण मनातल्या मनात माणूस त्या खुर्चीवर बसवतो आणि म्हणतो, हा इथं बसला आणि त्यानं अमुक लिहिलं. चौधरी वाड्यात ही सोय नाही. तिथं मेज नाही, कारण लिहिणारीला लिहिता येत नव्हतं. तिथं संसार आहे, रोजच्या वापरातली भांडीकुंडी, शेतीची अवजारं, चूल आणि घरोट. या बाईनं बसून असं काही लिहिलंच नाही. तिची बैठक म्हणजे घरोटापुढची आणि चुलीपुढची.

मी गेलो तेव्हा माझ्याबरोबर माझी वहिनी होती आणि सातवीतली नात. रावेरच्या बाजूनं सावदा-फैजपूर करत आमची एसटी भुसावळवरून जळगावला पोचली. वहिनीचं डोळ्यांचं काम दवाखान्यात होतं, ते बारापर्यंत आटोपलं. नातीच्या पाठ्यपुस्तकात बहिणाबाईंची कविता होती, तिला तो वाडा पाहायचाच होता. वहिनी सत्तरीच्या पुढची. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा गिरणी यायला अजून पाच-सात वर्षं होती, म्हणजे आमचं पायरीचं घरोट तिनं पाच-सात वर्षं ओढलेलं आहे.

आत शिरल्यावर नात पाट्या वाचत चालली होती. वहिनीला वाचता येत नाही, आणि डोळ्यांत औषध घातलेलं. पण पाटीची तिला गरजच नव्हती. प्रत्येक वस्तूपुढे ती उभी राही आणि ती कशाला लागते, कुठं धरायची, कुठं मोडते, हे सांगत जाई. नात पाटीवर एक नाव वाचून दाखवी, वहिनी त्याचं घरातलं नाव सांगे. दोन-तीन बायका आमच्या मागे येऊन ऐकत उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असावं, ही इथलीच माहिती सांगणारी आहे.

घरोटापुढे आल्यावर मात्र ती गप्प झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, ह्या दगडाले काय पाह्यतात व लोकं? यानं माह्या हाताचे फोड फोडले. गिरनी आली त्या दिशी म्या नारय फोडलं व्हतं.”

नात हसली. मला हसू आलं नाही, कारण तिचं म्हणणं खरं होतं. पहाटे तीनला उठायचं, झोपेच्या गुंगीत खुंटा धरायचा, आठ-दहा माणसांच्या कळण्याच्या भाकरी होतील एवढं ज्वारी-उडीद दळायचं. मग पाणी, मग शेण, मग चूल, मग शेत. घरोटाचं कौतुक करणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यातल्या कुणी सलग पायलीभर दळलेलं नसतं. मी स्वतः पुरुष आहे, लेखही मीच लिहितोय, तेव्हा एवढं इथं स्पष्ट लिहून ठेवलं पाहिजे. घरोट थांबलं हे चांगलं झालं. गिरणीनं आमच्या घरातल्या बायांना रोजची दोन तासांची झोप परत दिली. ज्या कष्टातून कुणी सुटलं त्या कष्टाबद्दल हळहळणं हा मला सभ्य दिसणारा क्रूरपणा वाटतो.

पण मग संग्रहालयात आपण जपतो काय? कष्ट जपायचे नाहीत, दगडाला तर काही किंमत नाही. “गाणं जपायचं,” असं लगेच म्हणता येईल. पण गाणं पुस्तकात आहे, त्याला वाडा कशाला हवा?

माझ्या मते वाड्यात जपली गेलेली गोष्ट तिसरीच आहे, आणि ती कुठल्या वस्तूत दिसत नाही. त्या घरात ऐकणारं कुणीतरी होतं. एक बाई पहाटे काम करताना काहीबाही म्हणते आहे. तसं तर ज्या त्या घरातली बाई म्हणत होती. खानदेशात, वऱ्हाडात, मराठवाड्यात, मावळात, जिथं जिथं जातं फिरलं तिथं तिथं ओवी होती. या एका घरात मात्र असा मुलगा निघाला की ज्याला आईचं बोलणं नुसतं कामाच्या आवाजात मिसळलेलं वाटलं नाही. हे बोलणं राहिलं पाहिजे, असं त्याला वाटलं. आणि ते तिच्या हयातीतच वाटलं.

इथं एक सांभाळून बोललं पाहिजे. प्रत्येक घरातली आजी बहिणाबाई होती आणि फक्त सोपानदेव नव्हते, असं म्हणायला फार गोड लागतं. भाषणात त्याला टाळ्याही पडतात. ते खरं नाही. दळणारी प्रत्येक बाई ओवी म्हणत होती, पण बहुतेक ओव्या सासू-नणंदेकडून, आईकडून आलेल्या. त्यात चार शब्द आपले घालायचे, भावाचं नाव घालायचं आणि पुढं जायचं. बहिणाबाईंनी पेरणी, पाखरू, घरोट, माणसाचं मन अशा रोजच्या गोष्टीतून जे काढलं ते दुसऱ्या कुणाला काढता आलेलं नाही. ती देणगी दुर्मीळच होती, आणि तिला सगळ्यांत वाटून टाकणं हा तिचा अपमान आहे. पण देणगी किती जणींना होती हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण मोजणारं कुणी बसलेलंच नव्हतं. शंभर वर्षांत एकच बहिणाबाई झाली असं आपण म्हणतो. खरं तर आपल्याला एकच ऐकू आली, एवढंच छातीवर हात ठेवून सांगता येईल.

ऐकायला बसलं की काय होतं याचाही पुरावा आहे. साने गुरुजींनी बायांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून त्यांचं पुस्तक केलं. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांना घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या भरल्या! त्यात विठोबा आहे, सीतेचा वनवास आहे, भाऊ आहे, बाबासाहेब आहेत, दारुडा नवरा आहे, वांझपणाचा टोमणा आहे. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं की पुष्कळ ओव्यांसोबत म्हणणारीचं नाव-गाव नोंदलेलं आहे. एरवी आपण ‘लोकसाहित्य’ म्हणतो आणि सुटतो. लोकांचं म्हणजे कुणाचंच नाही, आभाळातून पडलं, असा त्याचा अर्थ होऊन बसतो. ओवी आभाळातून पडत नाही. ती अमक्या गावच्या अमकीच्या तोंडून येते आणि तिच्या हाताला त्या वेळी फोड असतात.

इथपर्यंत माझा विचार सरळ चालला होता, आणि वाड्याबाहेर ओट्यावर टेकल्यावर मी तो वहिनीला सांगितलाही. म्हटलं, “वहिनी, तुम्ही बाया इतकं गायच्या, आमच्या घरात कुणी ऐकून ठेवलं नाही बघा.”

वहिनी म्हणाली, “कोनी ऐकत नव्हतं म्हनून तं गात व्हतो. ऐकनारं असतं तं तोंड उघडलं असतं का आम्ही?”

या एका वाक्यानं माझी मांडणी अडली. गावात राहिलेल्या माणसाला तिचं म्हणणं लगेच कळेल. दिवसभर सुनेनं बोलायचं नाही. सासऱ्यापुढे नाही, जेठापुढे नाही, सासूपुढे तर नाहीच. पहाटेची ती वेळ तेवढी तिची. घर झोपलेलं, अंधार, आणि घरघर एवढी की शब्द भिंतीपलीकडे जात नाही. समोर बसलेली जाऊ किंवा नणंद तेवढी भागीदार. सासूचा जाच, नवऱ्याचा हात, माहेरची याद हे सगळं त्या आवाजाच्या आडोशानं बोलून घ्यायचं. मूठ वैरण घालायची, पुढची ओवी म्हणायची. म्हणजे आपण जिला लोकगीत म्हणून मंचावर आणतो ती खरं तर बंद दाराआडची गोष्ट होती. मग तिथं वही घेऊन बसणारा कोण? आणि त्याला तो हक्क कुणी दिला?

हा प्रश्न वाड्यालाही लागू आहे. कुणाचं घर म्हणजे त्याचं आतलं जग. माणूस गेल्यावर त्याच्या चुलीपुढे अनोळखी लोकांनी उभं राहायचं, त्याच्या भांड्यांना पाट्या लावायच्या, हे कितपत बरं? मोठ्या लेखकानं निदान स्वतः लिहून लोकांपुढे ठेवलेलं असतं, त्यानं दार आपल्या हातानं उघडलेलं असतं. ज्या बाईनं कागदाला हात लावला नाही, तिचं दार दुसऱ्यानं उघडलं.

मी त्यावर बरेच दिवस विचार करत राहिलो. मला जे उमजलं ते असं. घरोटापाशी कुणालाच मज्जाव होता असं नाही. एकाला तिथं कायम मुभा होती, ते म्हणजे लेकरू. मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं, अर्धवट जागं, पिठाच्या वासात आणि आवाजात बुडालेलं. त्याच्यापुढे बाईला लाज नव्हती, भीती नव्हती. माझ्या पिढीतल्या किती तरी जणांना ओवीचा अर्थ कळायच्या आधी तिची चाल कळली ती अशीच. सोपानदेव वही घेऊन बाहेरून आलेले नव्हते, ते त्या घरातलं लेकरू होते. म्हणून मला त्यांचं लिहून घेणं चोरी वाटत नाही. आधी जवळ असणं, मग ऐकणं, आणि शेवटी लिहिणं, असा तो क्रम आहे. तो उलटा केला की बिघडतं. आज मोबाइल पुढे करून “आजी, एक ओवी म्हणा ना” असं म्हणणारे येतात. आजी म्हणते एखादी, पण ती त्यांच्यासाठी ठेवलेली असते. पाहुण्यांच्या कपबशीसारखी.

आणि पाट्या लावलेल्या घराबद्दल म्हणाल, तर मला वाटतं अशा घराची किंमत आत किती वस्तू आहेत यावर ठरू नये. तिथं आलेली माणसं एकमेकांशी काय बोलतात यावर ती ठरावी. माझ्या वहिनीला आपलं आयुष्य सांगायला सत्तर वर्षांत कुणी जागा दिली नव्हती. शेतात कामच संपत नसे, घरात कुणी विचारत नसे. त्या वाड्यात, दुसऱ्या बाईच्या भांड्यांपुढे, ती तासभर बोलत होती आणि सातवीतली पोरगी ‘मग?’ ‘मग?’ करत होती. बहिणाबाईंच्या घरात बहिणाबाईंबद्दल मला नवं फारसं कळलं नाही. वहिनीबद्दल कळलं. तिला दोन्ही हातांनी घरोट फिरवता येई, पण तिच्या जावेला डाव्यानंच जमे, म्हणून दोघींची जोडी बसे. ती जाऊ पहिल्या बाळंतपणात गेली तेव्हा वहिनीनं पंधरा दिवस एकटीनं दळलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. ती जाऊ म्हणजे माझ्या मधल्या भावाची पहिली बायको. तिचं नावसुद्धा आमच्या घरात आता कुणी घेत नाही. मी तेव्हा चार वर्षांचा होतो.

संग्रहालयाचं काम हेच असेल तर ते व्हायला हवं आणि गावोगाव व्हायला हवं. त्यासाठी मोठा कवी लागत नाही आणि वाडाही लागत नाही. मात्र म्हणून चौधरी वाडा कमी महत्त्वाचा ठरत नाही. कुठं तरी एक घरोट उचलून उंचावर ठेवल्याशिवाय बाकीच्या घरोटांकडे आपली नजर जात नाही. तेवढा अन्याय मला मान्य आहे. एकीच्या निमित्तानं इतरजणी आठवतात. निमित्तच नसतं तर कुणीच आठवलं नसतं.

परतीच्या एसटीत ऊन उतरलं होतं. तापीच्या पुलावर गाडी आली तेव्हा वहिनी खिडकीला डोकं लावून काहीतरी पुटपुटत होती, चालीवर. नातीनं विचारलं, “मोठ्या आजी, काय म्हणतेस?” वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “गड्यायनं ऐकायचं नसते ते.” मग तिनं पोरीचं डोकं जवळ ओढलं आणि तिच्या कानात म्हटलं. चांगलं दोन-तीन मिनिटं म्हणत होती. पोरगी आधी हसली, मग गंभीर झाली.

ते काय होतं मला ठाऊक नाही. नातीला मी विचारलेलं नाही. लिहायचं की नाही हे तिचं ती ठरवील. ऐकायला ती जवळ होती.